नियोजित सिझेरियननंतर बरे होणे आणि ते मोजणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहरातील आणि आसपासच्या तालुक्यांतील प्रसूतिगृहांत भूलतज्ज्ञ म्हणून काम करताना गरोदर स्त्रिया, त्यांच्या आई, सासूबाई, यजमान आणि अधूनमधून परिचारिकाही जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरे सर्वसाधारण स्वरूपाची आहेत. तुम्हाला तपासणाऱ्या डॉक्टरांनी काही वेगळे सांगितले असल्यास तेच पाळावे.

१. नियोजित सिझेरियन म्हणजे नेमके काय? तातडीच्या सिझेरियनपेक्षा त्यातून लवकर बरे होता येते का?

कळा सुरू होण्यापूर्वी, वैद्यकीय कारण पाहून आणि दिवस ठरवून केलेले सिझेरियन म्हणजे नियोजित सिझेरियन. आधीचे सिझेरियन, बाळ आडवे किंवा पायाळू असणे, वार गर्भाशयाच्या तोंडावर असणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात साधारण चार प्रसूतींपैकी एक सिझेरियनने होते; त्यात नियोजित आणि तातडीची अशी दोन्ही सिझेरियन आली. तासन्तास कळा सोसून थकलेल्या स्त्रीपेक्षा ठरवून आलेल्या स्त्रीला सावरणे बहुधा सोपे जाते. याचे मोठे कारण असे की, रक्त वाढवणे, उपवासाची वेळ ठरवणे, वेदनाशामकांची आखणी करणे अशी बरीचशी तयारी आधी करता येते. ती तयारी केलीच नाही, तर ‘नियोजित’ या शब्दाचा फायदा फक्त तारखेपुरता उरतो.

२. आम्ही पंचांग पाहून मुहूर्त काढला आहे. त्या वेळेला सिझेरियन केले तर काही बिघडते का?

आई आणि बाळ दोघेही व्यवस्थित असतील, तर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधीची तारीख घेऊ नये, कारण त्यापूर्वी जन्मलेल्या बाळांना श्वासाचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते. जुळी बाळे, वाढलेला रक्तदाब किंवा रक्तस्राव अशा कारणांनी डॉक्टर स्वतःहून आधीची तारीख देतात. ती गोष्ट वेगळी. ३९ आठवड्यांनंतरचा आणि दिवसाउजेडी, पुरेशी माणसे हजर असतानाचा मुहूर्त असेल, तर माझी हरकत नसते. अडचण येते ती मुहूर्त दुपारी असूनही पहाटेपासून उपाशी ठेवलेल्या बाईची (प्रश्न ३ पाहावा). व्यवहाराची आणखी एक गोष्ट : २०२७ च्या सिंहस्थात पंचवटी किंवा त्र्यंबकेश्वर परिसरातील कुटुंबांनी स्नानाच्या पर्वणीचे दिवस टाळून तारीख घ्यावी. शुभ योग असला तरी त्या गर्दीत गाडी रुग्णालयापर्यंत वेळेवर पोहोचेलच असे नाही.

३. आदल्या रात्री दहापासून पाणीसुद्धा प्यायचे नाही, असे सांगितले आहे. एवढे उपाशी राहणे खरोखर आवश्यक आहे का?

हलके जेवण शस्त्रक्रियेच्या ६ तास आधीपर्यंत आणि नितळ द्रव २ तास आधीपर्यंत घेता येतात, असा आता जगभर मान्य झालेला नियम आहे. तळलेले किंवा तेलकट खाल्ले असेल, तर ८ तास थांबावे लागते. नितळ द्रव म्हणजे पाणी, साखरपाणी, कोरा चहा, गर नसलेला फळांचा रस. दुधाचा चहा, ताक आणि नागलीची पेज नितळ नाहीत. घोटाळा नेमका येथेच होतो, कारण घरात पेजेला ‘पातळच तर आहे’ असे म्हटले जाते.

पेठ किंवा सुरगाणा या दूरच्या तालुक्यांतून येणारी बाई पहाटे निघते, घाटरस्त्याने नाशिकला पोहोचते, कागदपत्रे होतात आणि तिची पाळी दुपारी येते. रात्री दहापासून मोजले तर ती पंधरा-सोळा तास कोरडी असते. अशा बाईला मळमळ, डोकेदुखी आणि चक्कर यांचा त्रास अधिक होतो, आणि भूल दिल्यावर रक्तदाब घसरला की तीच गळून जाते. म्हणून आदल्या दिवशी डॉक्टरांना सरळ विचारावे, ‘माझी शस्त्रक्रिया किती वाजता आहे आणि शेवटचे पाणी किती वाजता प्यायचे?’ मधुमेह असणाऱ्यांनी साखरपाणी विचारल्याशिवाय घेऊ नये. पोट रिकामे व्हायला वेळ लागणारा एखादा आजार असेल, तर ही २ तासांची सवलत लागू होत नाही.

४. ‘लवकर बरे करण्याची पद्धत’ म्हणजे रुग्णालयाने खाट लवकर रिकामी करून घेण्याची युक्ती आहे का?

शंका रास्त आहे, आणि काही ठिकाणी तिला आधारही असू शकेल. मूळ कल्पना मात्र तशी नाही. डेन्मार्कमधील शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात आतड्याच्या शस्त्रक्रियांसाठी ही विचारपद्धती मांडली. शस्त्रक्रियेमुळे शरीरावर पडणारा ताण आधीपासूनच कमी केला, तर रुग्ण अधिक चांगला सावरतो, हा तिचा गाभा होता. सिझेरियनसाठीच्या तशा शिफारशी याच पद्धतीवर काम करणाऱ्या ‘ईरास’ सोसायटी या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१८ पासून प्रसिद्ध केल्या. त्यांत एकही चमत्कारी औषध नाही. रक्तक्षय आधी दुरुस्त करणे, अनावश्यक उपवास टाळणे, कमरेतून भूल देणे, छेद घेण्याच्या आधीच्या तासाभरात प्रतिजैविक देणे, शरीर गरम ठेवणे, मळमळीवर आधीच उपाय करणे, वेदनाशामके वेळच्या वेळी देणे, आणि खाणे, हिंडणे, बाळाला जवळ घेणे हे सर्व लवकर सुरू करणे, अशा साध्या गोष्टींची ती साखळी आहे. एखादी कडी सुटली तरी बाई बरी होतेच. चार कड्या सुटल्या की त्याचे परिणाम दिसू लागतात.

५. बरे होणे मोजतात म्हणजे काय मोजतात? ताप आणि रक्तदाब तर रोजच बघतात.

ताप, नाडी, रक्तदाब, अंगावरून जाणारे रक्त, टाक्यांची स्थिती हे बघावेच लागते. मात्र त्यातून धोका नाही एवढेच कळते, बाई सावरली की नाही ते कळत नाही. सकाळच्या फेरीत डॉक्टर ‘बरे वाटते ना?’ असे विचारतात, बाळंतीण ‘हो’ म्हणते, आणि तिला कुशीवर वळतासुद्धा येत नाही हे फक्त तिच्या आईला ठाऊक असते.

म्हणून प्रश्न सुटे करून विचारावे लागतात. ब्रिटनमध्ये नियोजित सिझेरियन झालेल्या स्त्रियांसाठी तयार केलेली ‘ऑब्सक्यूओआर-११’ नावाची प्रश्नावली २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात अकरा बाबी आहेत : मध्यम दुखणे, तीव्र दुखणे, मळमळ किंवा उलटी, चक्कर, थंडी वाजून कापणे, आराम वाटणे, स्वतःहून हिंडता येणे, कोणाच्या मदतीशिवाय बाळाला घेता येणे, मदतीशिवाय पाजता येणे, स्वतःची स्वच्छता आणि शौचाचे आवरता येणे, आणि परिस्थिती आपल्या आवाक्यात आहे असे वाटणे. प्रत्येकीला ० ते १० गुण, म्हणून एकूण ११० पैकी. गुण जितके अधिक तितकी स्थिती चांगली. पुढे दुखण्याच्या दोन बाबी एकत्र करून दहा बाबींची, १०० गुणांची आवृत्ती आली. प्रश्न साधारणपणे शस्त्रक्रियेनंतर २४ तासांनी विचारतात आणि त्यांना पाच मिनिटेही लागत नाहीत.

या यादीत ‘थंडी वाजून कापणे’ का आहे, हे डिसेंबरात निफाडकडून पहाटे आलेल्या बाईला सांगावे लागत नाही. थंडगार शस्त्रक्रियागृहात, कमरेतून भूल दिलेली असताना, दात वाजेपर्यंत कापणारी आई बाळाला छातीशी धरू शकत नाही.

६. माझ्या सुनेला ९० गुण मिळाले, शेजारच्या खाटेवरच्या मुलीला ६५. म्हणजे हिची प्रकृती उत्तम असे समजायचे का?

तसे समजू नये. हे गुण दोन स्त्रियांची तुलना करण्यासाठी नाहीत. एकाच स्त्रीच्या स्थितीत काय फरक पडला, आणि एखाद्या रुग्णालयाच्या पद्धतीत कुठे उणीव आहे, हे पाहण्यासाठी आहेत. एकूण बेरजेपेक्षा कोणत्या बाबीला कमी गुण पडले, ते अधिक बोलके असते. ९० गुणांतही तीव्र दुखण्याच्या बाबीला शून्य असू शकते, आणि त्या एका शून्यासाठी सिस्टरने तातडीने उठायला हवे.

आपल्या घरांत आणखी एक गुंता आहे. ‘मदतीशिवाय बाळाला घेता येते का?’ या प्रश्नाला अनेक जणी ‘नाही’ म्हणतात. चौकशी केली की कळते, हातात ताकद आहे, पण आजीने बाळ खाली ठेवलेलेच नाही. ‘हिंडता येते का?’ यालाही ‘नाही’ असेच उत्तर येते, कारण वारा लागेल म्हणून तिला खोलीबाहेर पडू दिलेले नसते. प्रश्नावली शरीराविषयी विचारते आणि उत्तर मिळते घराच्या रीतीचे. म्हणून मी विचारताना शब्द बदलतो, ‘घेतले का?’ ऐवजी ‘कोणी आडकाठी केली नाही, तर घेता येईल का?’ दुखण्याबाबत याच्या उलट घडते. सासूबाई समोर असल्या की दुखणे कमी सांगितले जाते. शक्य असेल तर नातेवाइकांना दोन मिनिटे बाहेर बसवावे. बेरीज करणाऱ्यानेही भान ठेवावे. दुखणे, मळमळ अशा त्रासाच्या बाबींची गणती उलटी असते आणि ‘अजिबात त्रास नाही’ याला पूर्ण गुण असतात.

७. सिझेरियननंतर पाणी आणि जेवण कधी द्यायचे? आमच्याकडे गॅस सुटल्याशिवाय काही देत नाहीत.

गॅस सुटण्याची वाट पाहण्याचे बहुतेक वेळा कारण नसते, कारण नेहमीच्या सिझेरियनमध्ये आतड्यांवर शस्त्रक्रिया होत नाही. मळमळ नसेल आणि बाई पूर्ण जागी असेल, तर पहिल्या तासाभरात घोट घोट पाणी आणि पुढच्या काही तासांत नेहमीचे हलके जेवण देता येते. मऊ वरणभात, मुगाची खिचडी, नागलीचे सत्त्व यांनी सुरुवात करावी. आतड्यांना पुन्हा चालना मिळायला च्युइंगगम चघळण्याचाही उपयोग होतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. आजेसासूबाईंना हे पटवणे मात्र प्रत्येकीने स्वतःच्या जबाबदारीवर करावे. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू नंतर जरूर द्यावेत, पण तूप-साखरेचे हे जड खाणे पहिल्या दिवशीच सुरू केले की पोट फुगते. पाणी कमी पाजण्याची रीत मात्र पूर्ण सोडावी, कारण तिने बद्धकोष्ठता होते आणि टाक्यांवर ताण येतो. शस्त्रक्रियेत आतड्याला इजा झाली असेल किंवा पोट वाढत चालले असेल, तर वरील सर्व नियम बाजूला ठेवून डॉक्टरांचेच ऐकावे.

८. लघवीची नळी कधी काढतात? उठून चालायला कधी लागायचे?

नळीबाबत दोन मते आहेत. ईरासच्या शिफारशी नळी शस्त्रक्रियेनंतर लगेच काढावी असे सांगतात, तर बरेच भूलतज्ज्ञ ६ ते १२ तासांच्या आत काढणे पसंत करतात. दोन्ही मते ‘दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या एकदम’ या सोयीच्या पद्धतीपेक्षा बरी आहेत. नळी काढल्यानंतर ६ तासांत लघवी झाली नाही, तर सिस्टरना सांगावे.

पायांत पूर्ण ताकद आली की त्याच दिवशी उठावे. आधी काठावर बसावे, चक्कर येत नाही ना ते पाहावे, मग आधार घेऊन उभे राहावे आणि चार पावले टाकावीत. चालण्याने आतडी हलतात, आणि बाळंतपणात वाढलेला पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका कमी होतो. पहिल्यांदा उठताना एकटीने उठू नये. शौचालयापर्यंतची ती पहिली फेरी बहुतेकींना सर्वांत अवघड जाते.

९. दुखण्याच्या गोळ्या घेतल्या तर दुधातून बाळाला त्रास होईल का? सहन करावे की गोळी घ्यावी?

गोळी घ्यावी, आणि दुखेपर्यंत न थांबता वेळेवर घ्यावी. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक यांपैकी एक, अशी जोडी सर्वसाधारणपणे दिली जाते. यांतील औषध दुधात अत्यल्प उतरते. कमरेतील भुलेसोबत अल्प मात्रेत मॉर्फिन दिले असेल, तर पहिले १२ ते २४ तास वेदना बऱ्याच आटोक्यात राहतात. त्यात अंगाला खाज सुटू शकते, ती ॲलर्जी नव्हे. कोडीन स्तनदा मातांनी टाळावे. मूत्रपिंडाचा विकार, जठरव्रण, अशा गोळ्यांनी वाढणारा दमा किंवा मोठा रक्तस्राव झाला असेल, तर आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकही चालत नाहीत.

पडून राहिल्यावर दुखत नाही, एवढ्यावर समाधान मानू नये. खोकताना, कुशीवर वळताना आणि उठताना किती दुखते, हा खरा प्रश्न आहे. ज्या बाईला बसता येत नाही, तिला पाजताही येत नाही, आणि मग वरचे दूध सुरू होते.

१०. कमरेत सुई टोचल्यामुळे जन्मभर कंबर दुखते, हे खरे आहे का?

नाही. सुई टोचलेल्या जागी काही दिवस दुखू शकते. महिनोन् महिने राहणारी कंबरदुखी गरोदरपणात बदललेली शरीराची ठेवण, सैल झालेले सांधे आणि वाकून पाजण्याची सवय यांतून येते. नैसर्गिक प्रसूती झालेल्या स्त्रियांनाही ती असते. सुईमुळे होणारा खरा त्रास वेगळा आहे. उठून बसले की डोके खूप दुखते आणि आडवे झाले की थांबते. ही डोकेदुखी पहिल्या काही दिवसांत सुरू होते, तिच्यावर उपचार आहेत, आणि ‘झोप झाली नाही म्हणून असेल’ असे म्हणून ती अंगावर काढू नये. आडवे पडूनही न थांबणाऱ्या डोकेदुखीसाठी प्रश्न १२ पाहावा.

११. पोट बांधणे, शेक-शेगडी, धुरी, तेल लावणे यांपैकी काय चालते?

पोटपट्टा हालचाल करताना आधार म्हणून, फार आवळून न बांधता वापरता येतो. त्याने पोट ‘आत जाते’ असे मात्र नाही. टाक्यांवर तेल, हळद, राख किंवा कोणतीही पूड लावू नये. ड्रेसिंग बहुधा एक-दोन दिवसांत काढतात. त्यानंतर आंघोळ करून जागा कोरडी टिपून घ्यावी. पाठीला, पायांना मालिश करण्यास हरकत नाही. बंद खोलीत शेगडी आणि ओव्याची धुरी मला नकोशी वाटते, कारण धूर आईपेक्षा बाळाच्या छातीला अधिक त्रासदायक असतो, आणि कोळशाच्या शेगडीचा वायू बंद खोलीत प्राणघातक ठरू शकतो. ऊब हवी असेल तर लोकरी कपडे आहेत, गरम पाण्याची पिशवी आहे. ती मात्र टाक्यांच्या आसपास ठेवू नये. तेथील कातडी बधीर असते आणि भाजलेले कळत नाही.

१२. घरी गेल्यावर कोणत्या लक्षणांसाठी थांबायचे नाही?

तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणे किंवा मोठ्या गाठी पडणे, १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप. टाक्यांतून पू, वाढता लालसरपणा किंवा टाके उसवणे. एका पायाला सूज आणि दुखणे. अचानक दम लागणे किंवा छातीत दुखणे. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा झटके. यांपैकी काहीही झाले तर १०८ ला दूरध्वनी करावा. बाळंतपणानंतर रक्तदाब तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या सुमारास सर्वाधिक वाढू शकतो, म्हणजे नेमका घरी परतण्याच्या सुमारास. गरोदरपणात ज्यांचा रक्तदाब वाढला होता, त्यांनी त्या आठवड्यात तो मोजून घ्यावा. गावातील आशाताई सिझेरियननंतरही ४२ व्या दिवसापर्यंत गृहभेटी देतात. त्यांना केवळ बाळाचे वजन दाखवून निरोप देऊ नये, स्वतःचा त्रासही सांगावा.

१३. खासगीत तिसऱ्या दिवशी सोडतात, सरकारीत जास्त दिवस ठेवतात. बरोबर कोण?

दिवसांवरून ठरवू नये. बाई स्वतः हिंडते, लघवी होते, गोळ्यांनी दुखणे आटोक्यात आहे, बाळ नीट पिते आणि धोक्याची लक्षणे तिला सांगता येतात, एवढे जमले की ती घरी जाण्यास योग्य झाली. नाशिक शहरातच, पाथर्डी फाट्यावर राहणारीला रात्री परत येता येते. सुरगाण्याच्या पाड्यावरचीला येता येत नाही, म्हणून तिला एखादा दिवस अधिक ठेवणे शहाणपणाचे आहे. २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय रुग्णालयांतील सिझेरियन, औषधे, रक्त आणि ७ दिवसांपर्यंतचा आहार मोफत आहे. घरी जाण्याची घाई खर्चापायी करावी लागू नये, हा त्याचा एक उद्देश आहे.

१४. जिने, स्कूटी आणि नोकरी कधीपासून?

जिने सावकाश, पहिल्या आठवड्यातच चालतात. बाळापेक्षा जड काही सहा आठवडे उचलू नये. पाण्याचा हंडा आणि सिलिंडर त्यात आले. स्कूटीसाठी तारीख नाही, कसोटी आहे : अचानक ब्रेक दाबताना आणि पाय टेकताना पोटात कळ येता कामा नये, तीही गोळी न घेता. बहुतेकींना यासाठी सहा आठवडे लागतात, आणि नाशिकचे पावसाळ्यानंतरचे रस्ते पाहता मी घाई करू देत नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, कायद्यानुसार प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांत मालकाला कामावर घेता येत नाही, आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर पात्र स्त्रियांना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे.

१५. हिमोग्लोबिन आधीच कमी आहे. त्याचा सावरण्यावर परिणाम होतो का?

होतो. प्रश्न १ मध्ये उल्लेख केलेल्या सर्वेक्षणात देशातील ५२ टक्क्यांहून अधिक गरोदर स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशी बाई नेहमीच्या रक्तस्रावानेही गळून जाते. तिला चक्कर येते, ती उशिरा उठते, आणि प्रश्न ५ मधील निम्म्या बाबींचे गुण तेथेच जातात. तारीख ठरलेली असते हाच येथे फायदा आहे. सातव्या-आठव्या महिन्यातच तपासणी करून लोहाच्या गोळ्या किंवा आवश्यक असल्यास शिरेतून लोह देता येते. आदल्या दिवशी रक्ताची पिशवी शोधत फिरण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडते.

१६. शरीर ठीक आहे, पण मुलगी सारखी रडते. हे मोजता येते का?

पहिल्या काही दिवसांचे हळवेपण दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी, झोप न येणे, बाळाविषयी काहीच न वाटणे असे राहिले, तर ‘एडिंबरो’ मापनश्रेणी वापरतात. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या श्रेणीत दहा प्रश्न आणि ३० गुण आहेत, आणि येथे गुण अधिक म्हणजे त्रास अधिक. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांचा आहे. त्याला होकार आला, तर एकूण बेरीज कितीही कमी असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. २४ तासांच्या प्रश्नावलीतून हा त्रास कळत नाही, कारण तो तेव्हा सुरूही झालेला नसतो.

१७. आमचे दहा खाटांचे प्रसूतिगृह आहे. मोजणे कसे सुरू करावे? संगणकप्रणाली घ्यावी लागेल का?

एक वही पुरते. प्रत्येक नियोजित सिझेरियनसाठी एक ओळ आखावी, आणि शेवटचे पाणी प्यायल्याची वेळ, छेदाची वेळ, पहिल्यांदा पाजल्याची वेळ, पहिल्यांदा खाल्ल्याची वेळ, नळी काढल्याची वेळ, पहिल्यांदा उभे राहिल्याची वेळ आणि २४ तासांनी हालचाल करताना होणारे दुखणे दहापैकी किती, एवढ्या सात नोंदी कराव्यात. महिनाभर काहीही न बदलता फक्त लिहावे. कागदावर ‘२ तास’ असलेला उपवास प्रत्यक्षात किती होतो, हे पाहून बहुतेकांना धक्का बसतो. मलाही बसला होता. मग एकच गोष्ट बदलावी, उदाहरणार्थ त्या दिवशीच्या शस्त्रक्रियांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या बाईला सकाळी पाणी देणे, आणि पुन्हा महिनाभर लिहावे. प्रश्नावलीचे गुण नंतर जोडावेत. मराठी वाक्ये आधी दहा-बारा जणींना ऐकवून त्यांना ती कशी समजतात ते पाहावे, नाहीतर प्रश्न ६ मधील गोंधळ होतो.

दोन चुका टाळाव्यात. रात्रपाळीत झालेल्या नोंदी सकाळी अंदाजाने भरू नयेत. रिकामी जागा रिकामीच ठेवावी. आणि ज्या स्त्रियांचे उत्तर मिळाले नाही त्यांना विसरू नये; ज्यांना सर्वाधिक त्रास झाला, त्याच बहुधा उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हत्या. सिस्टरवर दोषारोप करण्यासाठी वही वापरली, की दुसऱ्याच महिन्यात सगळ्या वेळा सुंदर दिसू लागतात.

१८. तीन महिने झाले. टाक्यांच्या वर बधीर वाटते आणि अधूनमधून टोचते. काही राहून गेले आहे का?

छेदाच्या वरच्या कातडीतील बारीक मज्जातंतू कापले गेल्याने तेथे काही महिने, क्वचित त्याहून अधिक काळ बधीरपणा राहतो. मुंग्या येणे, खाज सुटणे हेही त्याचेच प्रकार आहेत. फक्त बधीरपणा असेल तर काही करावे लागत नाही. मात्र तीन महिन्यांनंतरही रोज दुखत असेल, कपडा लागला तरी आग होत असेल, पाळीच्या दिवसांत टाक्यांपाशी गाठ येऊन दुखत असेल किंवा खोकताना फुगवटा दिसत असेल, तर दाखवावे. ही चारही कारणे वेगवेगळी असतात आणि चारहींवर उपाय आहेत. दाखवायला जाताना किती दुखते याबरोबरच त्या दुखण्यामुळे कोणते काम अडते, हेही सांगावे. ‘दहापैकी चार’ यावरून फारसे कळत नाही. ‘बाळाला कडेवर घेऊन जिना चढता येत नाही’ असे सांगितले, तर कुठे हात लावून पाहायचे ते डॉक्टरांना समजते.